पापण्यांना आधी कळतं

आमच्या माहेरच्या घरात एका फळाचं नाव घेत नसत.

काळं, चपटं, अंगठ्याच्या पेराएवढं फळ. शनिवारी दुकानांच्या दारावर आणि जीपगाड्यांच्या पुढे लिंबू-मिरच्यांसोबत ओवून टांगतात ते. बिब्बा. इथे मी लिहिलं खरं, पण लिहिताना हात एकदा थांबलाच. माझ्या आईला तो उतायचा. तसं त्याचं तेल अंगाला लागलं तर कुणालाही फोड येतात, पण आईला ते लागावंही लागत नसे. कुणी जवळ बसून फोडला, कुणी टाचेच्या भेगेत त्याचं तेल भरून शेजारून गेलं, तरी संध्याकाळपर्यंत तिचं तोंड सुजलेलं असायचं. आणि आमच्याकडे पक्कं मानतात की ज्याला तो उततो त्यानं त्याचं नाव काढू नये. नाव काढलं की तो वाट शोधत येतो म्हणे. म्हणून आम्ही सगळेच त्याला ‘ते’ म्हणायचो. दुसऱ्याच्या कामात मोडता घालणाऱ्याबद्दल मराठीत जे म्हणतात, तेसुद्धा आमच्या घरात म्हणायची सोय नव्हती. वडील फारच चिडले तर ओरडायचे, “माह्या कामात कोनी ते घालू नोका!” आणि मी हसून लोळायची.

आई हसायची नाही. “तुले काय हसू येऊन राह्यलं?” ती म्हणायची. “मले पापण्यायले आधी कळते.” ते खरंच होतं. वास यायच्या आधी, डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या पापण्या खाजायला लागत. मग ती हातातलं काम टाकून मुकाट्यानं उठायची आणि दुसरीकडे जायची. जत्रेतून, लग्नाच्या मांडवातून, एकदा तर चालत्या एसटीतून मधेच उतरून ती अशी निघून गेली होती. मला लहानपणी त्याची लाज वाटायची.

अशा बाईनं त्याच फळाची पोती घरात आणून ठेवली, हे मी कुणाला सांगितलं तर आधी त्यांना मी गंमत करतेय असं वाटतं.

आईला रिकामं बसवत नसे, हे सगळ्याचं मूळ. आमचं गाव चिखलीहून मेहकरला जाणाऱ्या रस्त्यापासून जरासं आत. वडिलांची शेती बरी होती, घर स्वतःचं होतं, एकुलती एक मी लग्न होऊन चिखलीला गेले होते. घरात दोन माणसं आणि एक म्हैस. त्यात मीच तिला स्मार्टफोन घेऊन दिला. पंधरवड्यात ती ‘घरबसल्या व्यवसाय’ या एका शब्दाच्या नादी लागली. त्या व्हिडिओतल्या बायका ओट्यापाशी उभ्या राहून, न घामेजता, न वैतागता, बोलता बोलता कारखाना काढतात. आईला ते पटलं. तिनं आधी मेणबत्त्या केल्या, तेही एप्रिलमध्ये. पत्र्याच्या पेटीत रचून ठेवलेल्या त्या मेणबत्त्या एका दुपारी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, त्या पुन्हा सुट्या झाल्याच नाहीत. मग न्हाणीत अंधार करून आळंबी लावली. आळंबी आली नाही, पण वडील कितीतरी दिवस अंगणात लुगड्याच्या आडोशाला आंघोळ करत होते. केक शिकली, तर केक आत आणि वीज बाहेर. तो केक म्हशीनं आवडीनं खाल्ला, एवढंच त्याचं कौतुक झालं.

“आता पुरे कर ना वं,” वडील म्हणाले.

“तुमच्या शेतात पीक बुडते तवा मी म्हनतो का पुरे करा?” आई म्हणाली.

लाडू मात्र तिला व्हिडिओनं शिकवले नव्हते. शेजारच्या सुनेच्या बाळंतपणात तिनं हौसेनं डिंकाचे आणि गोडंबीचे लाडू करून दिले. गोडंबी म्हणजे त्याच फळाच्या आतली बी. बाहेरचं टरफल जाळतं, आतली बी मात्र गोड आणि पौष्टिक, बाळंतिणीच्या लाडवात ती हवीच असं आमच्याकडे समजतात. सोललेली, धुतलेली, तुपात परतलेली गोडंबी आईला कधी बाधली नाही. ते लाडू तोंडोतोंडी गाजले. चिखलीहून मागणी आली, मग बुलढाण्याहून, मग थेट धामणगाव बढ्याहून. जीपवाले डबे पोहोचवायला लागले. आईच्या चालण्यात फरक पडला. ती फोनवर “आपल्याकडे” असं म्हणायला लागली, जणू मागे वीस माणसं राबत आहेत.

आणि मग एका गिऱ्हाइकानं सांगितलं की लाडू खाऊन जीभ खाजली. दुकानातून आणलेली गोडंबी नीट धुतलेली नव्हती, टरफलाचं तेल राहिलं होतं. आईनं तो सगळा घाणा म्हशीलाही न देता पुरून टाकला. तिसऱ्या दिवशी वडिलांना म्हणाली, “आपन घरीच फोडू. आपल्या डोयापुढं फुटलं म्हंजे आपल्याले मालूम राहीन.”

मी तेव्हा सातव्या महिन्यात होते आणि माहेरी आले होते. मी भडकले. “माय, तुले नाव काढलं तरी उतते, अन् तू पोते आनून राह्यली घरात?”

“म्हनून तं मी नाव काढत नाही,” ती शांतपणे म्हणाली.

तिला ते बोलणं विनोदी वाटत नव्हतं. तिच्या मते आजवर ती वाचली ती दोन गोष्टींमुळे, नाव न घेतल्यामुळे आणि पापण्यांमुळे, आणि दोन्ही अजून शाबूत होत्या.

तिनं बंदोबस्त मात्र चांगला केला होता, हे मला मान्य करावं लागेल. परसाच्या अगदी शेवटी, कडुनिंबाखाली टिनाचं शेड घातलं. गावातल्या दोन बायका फोडायला यायच्या. हातांना गोडं तेल, त्यावर राख, तोंडाला फडकं. सपाट दगडावर एकेक फळ धरून लोखंडी कांबीनं ठोकायचं. टरफलं राखेत लोळवून पोत्यात भरायची, म्हणजे तेल कुठे सांडत नाही. अकोल्याकडचा एक तेलवाला अधूनमधून येऊन ती पोती घेऊन जायचा. बायका जाताना हातपाय धुऊन, लुगडं बदलून जायच्या. स्वयंपाकघराची मागची खिडकी आईनं खिळे मारून बंद करून घेतली. ती स्वतः कधी कडुनिंबापलीकडे गेली नाही.

पण तो आवाज घरात यायचा. सकाळी सुरू झाला की दुपारपर्यंत टक्, टक्, टक्. मी आडवी पडलेली असायची आणि पोटातलं बाळ त्या आवाजाला पाय मारायचं. मला ते आवडत नसे. एकदा पाय मोकळे करत मी शेडपर्यंत गेले, तर त्यातल्या एकीनं राखेचा हात उंच करून मला लांबच थांबवलं. “ताई, इकडं नोका येऊ. पोटातल्याले बी उतते.”

“काहीही सांगता!” मी म्हणाले आणि परत फिरले. पण त्यानंतर मी तिकडे गेले नाही. आईलाही ते सांगितलं नाही.

थंडीच्या दिवसांत चिखलीच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. टाके पडले होते, बसायला त्रास होत होता, पण मुलगी धडधाकट होती, रडायला लागली की सगळा वॉर्ड जागा करायची. तिला घेऊन मी माहेरी आले तेव्हा दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण, देऊळगाव राजाकडे दिलेली, खास माझं बाळंतपण करायला आलेली. आत्याच्या हाताखाली अर्ध्या घराण्याची बाळं न्हाऊन निघाली होती. बाळाला पायांवर घेऊन ती असं न्हाऊ घालायची की बाळ रडायचं विसरायचं. तिच्या प्रेमाबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही.

तिचे नियम मात्र जुने होते. कानाला रुमाल, खिडकीला गोधडी, दार लोटलेलं. आंघोळीनंतर बाजेखाली शेगडी आणि तिच्यावर ओवा-शेपाची धुरी. मी सांगितलं की डॉक्टरांनी धूर नको म्हणून बजावलंय.

“डॉक्टर कधी बाळंत झालाय का?” आत्या म्हणाली.

मी आईकडे बघितलं. आई आपल्या नणंदेच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती, तेव्हाही गेली नाही. ती म्हणाली, “थोडी थोडी द्या, बाई.” मी दोन दिवस भांडले, मग थकले. खरं सांगायचं तर बाजेखालून येणारी ती ऊब कमरेला बरी वाटायची आणि ओव्याचा वास चांगला होता. आता मात्र कुणाच्या घरी बाळाला धुरी देत असले की मी तोंडदेखली दोन मिनिटं बसून बाहेर पडते.

बारसं तोंडावर आलं होतं आणि मधेच आभाळ भरून आलं. अवकाळी पावसाची दोन दिवस पिरपिर लागली. अंगणातली गोवऱ्यांची रास भिजली. तेलवाला यायचा होता तो पावसामुळे आला नाही. शेडमध्ये न मावलेली टरफलांची पोती कुंपणाशी उघड्यावर होती, ती भिजली असती तर तेल गेलं असतं, म्हणून वडिलांनी एक पोतं उचललं आणि घरात आणलं. माझ्या खोलीला लागून न्हाणीकडे जाणारी अरुंद बोळी होती, तिथे ठेवलं. ताडपत्री बाकीच्यांनाच पुरली. आईला ते म्हणाले, “ते बोळीत ठेवलं. तू तिकडून जाऊ नोको.” आईनं मान हलवली आणि तेव्हापासून ती न्हाणीकडे अंगणातून फिरून जायला लागली.

आत्याला कुणी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे नाव घ्यावं लागलं असतं, आणि आई घरातच होती. आम्हाला त्या न बोलण्याची इतकी सवय झाली होती की घरात एक माणूस असं आहे ज्याला ‘ते’ म्हणजे काय हे ठाऊक नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

त्या सकाळी पाऊस थांबला होता. वडील शेतात पाणी साचलंय का बघायला गेले. आई पुढच्या खोलीत लाडू डब्यांत भरत होती, मोठी मागणी होती, हिवरा आश्रमाकडे जाणारा जीपवाला इतक्यातच येणार होता. आत्यानं बाळाला न्हाऊ घातलं, गुंडाळून माझ्या कुशीत दिलं आणि बोळीत शेगडी पेटवायला बसली. गोवऱ्या ओल्या होत्या. ती फुंकत होती, खोकत होती, गोवऱ्यांच्या नावानं बोटं मोडत होती. आणि मग तिचा आनंदी आवाज आला.

“अगं, कसं पेटायलंय बघ! तुझ्या आईनं इथं चांगला कोळशाचा चुरा ठेवलाय, अन् मी मघापासून या ओल्या गोवऱ्या फुंकायले!”

राखेत लोळलेली ती काळी टरफलं खरोखरच कोळशाच्या चुऱ्यासारखी दिसायची. आत्याला डोळ्यांनी कमी दिसायचं. आणि चुरा असा कधी पेटत नाही, हे ज्वाळ बघून खूश झालेल्या माणसाला कुठून सुचणार? मीही काही बोलले नाही. मी बाळाचं टोपडं बांधत होते. बाळंतपणाला आलेल्या मला बोळीतलं पोतं कशाचं आहे हे माहीतच नव्हतं. वडिलांनी ते फक्त आईला सांगितलं होतं.

तिनं शेगडी आत आणली, वर मूठभर ओवा टाकला, बाजेखाली सरकवली आणि दार ओढून घेतलं.

आधी ओव्याचा वास आला. मग त्याच्या खालून दुसरा, तेलकट, घशाला चिकटणारा. धूर रोजच्यासारखा पांढरा नव्हता, काळा होता आणि जड होता, बाजेच्या कडांवरून वर येत होता. बाळ शिंकलं. पुन्हा शिंकलं. मग खोकलं. इतक्या लहान बाळाला खोकता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

“आत्या, शेगडी काढा,” मी म्हणाले.

“सोस जरा. धुरी घेतल्याशिवाय अंग बांधून येत नाही.” तीही डोळे पुसत होती. ओल्या गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत गेलाय असं ती समजत होती.

“आत्या, काढा म्हणते ना!” मी ओरडले, पण आवाज फुटला नाही. घसा आतून खरवडल्यासारखा झाला होता. मला राग आला. आत्याचा, आईच्या गप्प बसण्याचा, खिडकीवरच्या गोधडीचा, माझ्या टाक्यांचा. मी बाळाला छातीशी धरून उठायला गेले आणि कळ येऊन पुन्हा खाली बसले. बाळाचं तोंड लाल झालं होतं. ते रडत नव्हतं. माझं ते भोकाड पसरणारं बाळ रडत नव्हतं, ह्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

पुढच्या खोलीत आईला आधी पापण्यांना कळलं. हे तिनं मला नंतर सांगितलं. डबा भरता भरता खाज आली, तिला वाटलं गोडंबीच नीट धुतली गेली नाही, म्हणून तिनं हात हुंगले. मग खाज थांबेना. मग पापण्या जड व्हायला लागल्या. जन्मभर असं झालं की ती उठून उलट्या दिशेला चालू लागायची. त्या दिवशी समोर उघडं दार होतं, बाहेर स्वच्छ हवा होती. ती उठली आणि आत आली.

दार धाडकन उघडलं. “बिब्बा!” आई ओरडली.

तिच्या तोंडून तो शब्द मी कधीच ऐकला नव्हता. धुरापेक्षा त्या शब्दानं माझ्या अंगावर काटा आला. “बिब्बा हाय तो! बिब्बा जाळला तुमी! पोरगी दे, माह्यापाशी दे!” तिनं बाळ माझ्याकडून हिसकावलं, त्याचं तोंड स्वतःच्या मानेत दाबलं, वरून पदर घेतला आणि पळाली. आत्यानं मला काखेत हात घालून ओढलं. आम्ही अंगणात आलो तेव्हा शेजारीण धावत येत होती, आईनं बाळ तिच्या हातात दिलं.

आणि ती परत वळली.

“माय, नोको!” मी म्हणाले.

“गोधडी लोंबून राह्यली बाजेवरून,” ती म्हणाली. “पेटली तं पोतं पेटन. सारी आळी जाईन.”

वडील शेतात होते. आत्याच्या हातांना तोवर फोड यायला लागले होते, ती ते नुसती बघत उभी होती. शेजारणीच्या हातांत बाळ होतं. आईनं हातांना पदर गुंडाळला आणि आत गेली. ती शेगडी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बोळीतून परसात येताना मला दिसली. सगळा धूर तिच्या तोंडावर येत होता आणि तिला तोंड फिरवता येत नव्हतं, कारण समोरचं दिसायला हवं होतं. तिनं शेगडी म्हशीच्या हौदात टाकली. चर्र झालं. मग ती हौदाच्या काठाला धरून खाली बसली.

शेजारणीनं बाळाला खोबरेल चोळलं. कुणीतरी वडिलांना बोलवायला धावलं. हिवरा आश्रमाचा जीपवाला लाडू न्यायला आला होता, त्यानं आम्हाला घेतलं आणि गाडी चिखलीकडे वळवली. बाळाचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आई माझ्या शेजारी बसली होती आणि सारखी म्हणत होती, “मले काही झालं नाही. मले काही झालं नाही. तू तिच्याकडं पाह्य.” मी बाळाकडे बघायची आणि मग तिच्याकडे बघायची. रस्त्याला लागेपर्यंत तिचा चेहरा माझ्या ओळखीचा होता. चिखलीच्या अलीकडे तो राहिला नव्हता. डोळ्यांच्या जागी नुसत्या फटी होत्या आणि ओठ इतके सुजले होते की “पाह्य” हा शब्दही तिला म्हणता येईना. जीपच्या आरशाला लिंबू-मिरच्यांची माळ टांगलेली होती, खाली ते काळं फळ डुलत होतं. मला ती माळ तोडून फेकावीशी वाटली. पण माझे हात बाळाभोवती होते.

चिखलीहून आम्हाला बुलढाण्याला पाठवलं. बाळाच्या अंगावर पुरळ उठलं, डोळे चिकटून बंद झाले. ते कधी उघडतील, उघडल्यावर त्यांना दिसेल का, हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं. आई दुसऱ्या मजल्यावर होती, तिच्या घशात श्वासासाठी नळी घातली होती. वडील जिन्यात बसायचे, ना वर ना खाली. आत्या बाहेरच्या झाडाखाली बांधलेले हात मांडीवर ठेवून बसून असायची. तिला कुणी बोल लावला नाही. तिनं मात्र त्या दिवसांत पाण्याव्यतिरिक्त काय घेतलं मला माहीत नाही.

लेकीनं डोळे उघडले. एका सकाळी, दूध पिता पिता, सहज. मी बोट हलवलं तर तिची नजर बोटामागे फिरली. मी इतकी रडले की नर्स धावत आली.

आईही घरी आली. तिच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्यानं तिला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. आवाज कायमचा घोगरा झाला. वडिलांनी पोती लांबच्या शेतात खोल खड्डा करून पुरली, शेड मोडून टाकलं. आत्या पुन्हा आमच्याकडे आली नाही. लेकीच्या वाढदिवसाला तिचा फोन येतो आणि ती आधी विचारते, “डोळे कसे हायत तिचे?”

सगळ्यात मोठा बदल आईत झाला. ती नाव घ्यायला लागली. “बिब्बा” असं स्पष्ट, मोठ्यांदा, पाहुण्यांसमोर, जेवताना, कारण नसतानाही. कामात मोडता घालणाऱ्याबद्दल मराठीत जे म्हणतात ते आता तीच म्हणायची. “आता काय करते तो मले?” ती म्हणायची. “जेवढं उताचं होतं तेवढं उतलं.” वडिलांना ते ऐकून बरं वाटायचं, बायकोची भीती गेली म्हणून. मला नाही वाटायचं. तिनं ते नाव काढलं की माझी मान खाजायला लागायची. मी तिला कधी बोलले नाही, पण मनात यायचं, इतक्यांदा हाक मारू नये.

लेक यंदा पहिलीत गेली आहे. दिवाळीच्या सुट्टीला आजीकडे राहिली होती, तिला आणायला मी शुक्रवारी दुपारी गेले. अंगणात उन्हात आई चांगला डोळा फोनला लावून बसली होती आणि मला बघताच म्हणाली, “ये वं. नवं काम काढलं. घरी बसल्या बसल्या होते, तेल नाही, तूप नाही, जाळ नाही.”

समोर ताटात लिंबं होती, हिरव्या मिरच्या होत्या. चिखलीच्या बाजारातल्या दुकानदारांना दर शनिवारी दाराला लावायला माळा लागतात, त्या ओवून द्यायच्या. ताटाच्या एका कडेला काळी फळं होती. आणि लेक आजीला टेकून बसली होती, हातात सुई-दोरा, दोऱ्यात एक काळं फळ अर्धं ओवलेलं.

“माय, पोरीच्या हातात दिलं तू?” माझा आवाज चढला.

“कोरडा हाय. छेद पाडूनच आनला बाजारातून. काही होत नाही,” आई म्हणाली. “तिले आतापासून नावं मालूम पाहिजे. आपल्या घरात कोनाले मालूम नव्हतं म्हनून तं झालं.” ती नातीकडे वळली. “हे काय हाय?”

“लिंबू.”

“ह्या?”

“मिरच्या.”

“अन् हे?”

“बिब्बा!” लेक मोठ्यांदा म्हणाली, आणि आजी हसली म्हणून पुन्हा म्हणाली, “बिब्बा! बिब्बा!”

मग तिनं माळ मांडीवर ठेवली. मनगटानं डोळा चोळला. दुसरा चोळला. “आजी,” ती म्हणाली, “माझ्या पापण्या खाजतात.”

आईच्या हातातली सुई थांबली. तिनं लेकीची हनुवटी धरली, तिचं तोंड उन्हाकडे फिरवलं आणि आपला चांगला डोळा अगदी जवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिली. मग ताट पायानं दूर सारलं. तिला उठायला जमेना, म्हणून मी हात दिला. ती हात इतका घट्ट धरून होती की दुखत होतं. माझ्याकडे न बघता, घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, “आजपासून या घरात त्याचं नाव काढाचं नाही.”